हंगामी पुस्तकाचा शेवट

तो पहिल्यांदा जिना चढून आला तेव्हा मी टेबलाखाली बसले होते आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीनं बरबटलेले होते. केसांतही थोडी लागली असावी. कुणी प्रेमात पडावं असं ध्यान नव्हतंच ते... पण आपली वेळ आपल्याला कुठं निवडता येते?

युसूफ वडगावात सोसायटीच्या गोदामावर आमचं वाचनालय होतं. खाली युरियाची पोती, वर पुस्तकं. संतांच्या चरित्रांनासुद्धा खताचा वास यायचा. माझे वडील, आप्पा, खाली सोसायटीत शिपाई. मी, सत्यभामा, बारावी झालेली, वर ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडूही मीच मारायचे आणि फाटकी पुस्तकंही मीच चिकटवायचे. साल शहाऐंशी, चैत्राचा महिना, लागोपाठ दुसरं दुष्काळाचं वर्ष. खळीसाठी वाटीभर पीठ मागितलं तेव्हा माय म्हणाली होती, “माणसांला न्हाई अन् पुस्तकांला चारतीस का?”

“कुणी हाय का?”

मी टेबलाखालून पाहिलं. आधी चपला दिसल्या — झिजलेल्या, पण पॉलिश केलेल्या. मग इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल. हा निरीक्षकच, मला वाटलं. अनुदानाच्या तपासणीला निरीक्षक येणार येणार म्हणून महिनाभर गाजत होतं, आणि माझ्या पायाशी भुताखेतांच्या पुस्तकांचा हा ढीग! तो पायानंच मागं ढकलून मी उठले.

“या सर, बसा सर. हे बघा, इकडं चरित्रं, तिकडं शेतीविषयक, हे संतवाङ्मय...”

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग जरा खाली बघत विचारलं, “भुताची पुस्तकं न्हाईत का?”

“छे! असलं कायबी आमी ठेवत न्हाई, सर.”

“अरेरे... त्याच्यासाठीच तर धारूरहून आलतो.”

“कावून?” निरीक्षकाला विचारू नये तो ‘का’ माझ्या तोंडून निघूनच गेला.

आणि नेमका तेव्हाच मागचा ढीग घसरला. एक पुस्तक थेट त्याच्या चपलेपाशी जाऊन थांबलं. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली, सुळे दाखवणारी बाई. तो वाकला, पुस्तक उचललं, त्या बाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हसला. मी लाजेनं मेले.

“तुमी निरीक्षक न्हाई?”

“न्हाई हो. मी बिभीषण.”

“राक्षसाचा भाऊ?”

“त्या घरातला एकटाच बरा माणूस,” तो म्हणाला. “अन् तुमच्या केसांला खळ लागलीय, मॅडम.”

मागच्या वर्षी फाटून आलेल्या त्या ढिगाला आम्ही हंगामी पुस्तकं म्हणायचो. दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी माणसं ट्रकात बसून कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जायची, ती वैशाखात परत यायची. प्रत्येक टोळी जाताना वाचनालयातून एक पुस्तक न्यायची. टोळीत ज्याला वाचता येतं त्यानं ते संध्याकाळी कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, बसून सगळ्यांना वाचून दाखवायचं. पण हवं असायचं भुताचंच. “देवाचं घरी ऐकतोच की, तिकडं भुताचं द्या,” असं मुकादम बबनराव मला दरवर्षी बजावायचे. सहा महिन्यांनी पुस्तक परत यायचं ते शेवटची पानं गमावून. कुणी त्यात तंबाखू बांधलेली असायची, कुणी त्यानं चूल पेटवलेली असायची. पुढच्या वर्षीच्या टोळीला शेवट कुठून मिळणार? म्हणून... आता सांगते, तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं... मी तो शेवट मनानंच लिहायचे. सुवाच्य अक्षरात, दोन-तीन कोऱ्या कागदांवर, आणि चिकटवून द्यायचे.

बिभीषण असल्याच एका टोळीतला निघाला. त्याचे वडील शहादेव आणि आई केशरबाई बबनरावांच्या टोळीत ऊस तोडायचे. नऊ वर्षांचा असताना त्यानं कोपीपुढं बसून एक पुस्तक ऐकलं होतं, ‘भिंतीआडची बाई’. शेवटची पानं तेव्हाच गेली होती.

“सोळा वर्षं झाली,” तो म्हणाला. “एम.ए. केलं, तासिकेवर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, पोरांला मोठमोठ्या गोष्टी सांगतो... पण त्या भिंतीआड काय व्हतं ते अजून मला ठाऊक न्हाई. तुमच्याकडं हाय का ते?”

होतं. दोन वर्षांपूर्वी मीच दुरुस्त केलं होतं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, लेखकाचं नाव नव्हतं, आणि शेवटची तीन पानं माझ्या अक्षरातली.

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि मधलं सगळं सोडून एकदम शेवटच वाचायला लागला. मी हातावरची वाळलेली खळ खरवडत बसले होते. गोष्ट अशी होती — रानातल्या एका वाड्यात रोज तिन्हीसांजेला भिंतीआडून थप थप असा आवाज येतो. सगळे पळून जातात. एक पोरगी तेवढी पहार घेऊन भिंत फोडते. इथं छापलेली पानं संपत होती. पुढं मी लिहिलं होतं की भिंतीआड भूत नव्हतंच. एक बाई होती. घरची माणसं पोटासाठी परमुलखात गेली, जाताना हिला “येतोच” म्हणाली, आणि आलीच नाहीत. ती अजून रोज सगळ्यांच्या वाटणीच्या भाकरी थापत होती. तोच तो आवाज.

हे मला सुचलं ते आमच्या शेजारच्या साखराबाईंवरून. मुलं-सुना ऊसतोडीला गेली की त्या एकट्याच मागं राहायच्या आणि सवयीनं चार भाकरी जास्त थापायच्या.

बराच वेळ झाला तरी तो वळला नाही. वळला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“माझी आजी अशीच मागं राह्यलती,” तो म्हणाला. “मार्गशीर्षात गेली. आमाला पत्र पोचलं ते नवव्या दिवशी.” मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून त्यानं विचारलं, “काय लिवलंय हो ह्या माणसानं... ही पानं तुमी कुठल्या प्रतीवरनं उतरवली?”

मी लिहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दही लागले नसते. पण समोर माणूस रडतोय, सोळा वर्षं वाट बघून रडतोय — त्याला कसं सांगू की बाबा, हा तुझा शेवट नव्हेच, हा सोसायटीच्या शिपायाच्या पोरीनं गोदामावर बसून रचलाय? मला वाटलं, त्याच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं होईल.

“माझ्या मावशीच्या गावच्या वाचनालयात व्हती एक प्रत,” मी म्हणाले. “आता न्हाई तिथं. हरवली म्हणं.”

मला खोटं बोलता येत नाही असं माय नेहमी म्हणायची. तिला माझी कल्पना नव्हती.

त्यानंतर तो दर गुरुवारी यायला लागला. त्याचं एम.फिल. चाललं होतं. विषय इंग्रजी ‘गॉथिक’ भयकादंबरी आणि मराठी भयकथा. इंग्रजीचा भाग झाला होता, मराठीचं एक प्रकरण राहिलं होतं. कॉलेजच्या संस्थेनं शब्द दिला होता की दसऱ्याच्या आत एम.फिल. झालं तर कायमची जागा त्याची. त्यावर त्यानं घरी सांगून टाकलं होतं, औंदा मुकादमाकडं नाव देऊ नका. केशरबाईंची कंबर गेली होती, शहादेवांना दम लागत होता. वीस-बावीस हंगाम झाले होते त्यांचे.

“तुमचा विषय तेवढा सांगा एकदा नीट,” मी म्हणाले. “गॉथिक म्हंजी काय? मला तर खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतंय.”

“गॉथ नावाचे लोक व्हते युरोपात, रानटी म्हणून गाजलेले. पुढं जुन्या, टोकदार कमानींच्या इमारतींला शहाणी माणसं नाकं मुरडून गॉथिक म्हणायला लागली. गावंढळ, अशा अर्थानं.”

“म्हंजी पुण्याकडचे आपल्याला म्हणतात तसं.”

“तसंच. मग त्या पडक्या किल्ल्यांत अन् मठांत घडणाऱ्या गोष्टींला बी तेच नाव पडलं. सव्वादोनशे वर्षं झाली.”

“त्या गोष्टीला काय काय सामान लागतं?” मी पेन-कागद घेऊन बसले.

तो हसला. “एक जुनी वास्तू. तिच्यात एक बंद खोली. एक मालक, जमीन-वतन सगळं स्वतःच्या मुठीत धरणारा. त्या घरात पूर्वी झालेलं एखादं पाप, ते कितीबी गाडलं तरी वर येतं. वादळ पायजे. अन् एक पोरगी पायजे.”

“पोरगी काय करती?”

“जाऊ नको म्हटलेल्या खोलीत जाती.”

“येडीच म्हणायची.”

“शहाणी हाय ती. बाकीचे सगळे भितात. दार उघडती ती पोरगीच.” असं म्हणताना तो कागदाकडं बघत नव्हता. मग मलाच माझं पेन कुठं ठेवलं ते सापडेना... ते माझ्या हातातच होतं.

“आपल्याकडं वादळ कुठनं आणायचं?” मी उगीच बोलले. “ढगबी न्हाई औंदा.”

“कोरडं गॉथिक,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, आणि आम्ही दोघं इतके हसलो की खालून आप्पा खाकरले.

त्यानं सांगितलं की तिकडंही ही पुस्तकं जास्त करून बायका-पोरीच वाचायच्या, वाचनालयातून आणून, आणि मोठी माणसं त्यांची टर उडवायची. एक लेखिका अशी होती की तिचं भूत शेवटी भूत निघायचंच नाही — कधी वारा, कधी मेणाचा पुतळा, कधी चोर. दुसरे लेखक म्हणायचे, भूत म्हणजे भूतच, त्याला कारण कसलं द्यायचं?

“तुमी कुठल्या बाजूचे, सर?”

“मला तिसरंच कायतरी पायजे व्हतं. ते तुमच्या ह्या पुस्तकात सापडलं. भूतबी न्हाई, चोरबी न्हाई. मागं राह्यलेलं माणूस.” त्यानं फाईलवर हात ठेवला. “माझं सगळं तिसरं प्रकरण ह्या शेवटावर उभं हाय. इंग्रजीत असं कुठं न्हाई, मॅडम. कुण्या मराठी माणसानं, नावबी ठाऊक न्हाई त्याचं, केवढी गोष्ट करून ठेवलीय...”

तो त्या लेखकाविषयी असं तासन्‌तास बोलायचा. त्याला केवढं कळलं असेल माणसाचं, केवढं सोसलं असेल. मी मान खाली घालून पुस्तकं शिवत राहायचे. आतून फुलून जायचे, आणि आतूनच घाबरायचे. खरं सांगते, मला त्या लेखकाचा हेवासुद्धा वाटायचा, आणि तो लेखक मीच होते!

श्रावणात माय तिच्या भावाला भेटायला धारूरला निघाली, मी मागं लागले. बिभीषण स्टँडवर ‘सहज’ उभा होता. “किल्ला बघायचा का, काकू?” त्यानं मायला विचारलं. माय पहिल्या बुरुजाच्या सावलीतच बसली. “पाय सुजल्यात माझे. तुमी या बघून. लांब जाऊ नका, मला दिसाल असं चाला.” आम्ही तिला दिसेल असंच चाललो, चार हातांचं अंतर ठेवून.

हौद तळापर्यंत कोरडे होते. चिखल वाळून त्याची ढेपं झाली होती. श्रावण असून वाराही नव्हता.

“हितं भूत हाय का हो, सर?”

“भूत न्हाई, पाणीबी न्हाई. पण बंद दरवाजा हाय एक. जाता का?”

“तुमी संगं असल्यावर त्यात काय मजा?”

तो थांबला. माझ्याकडं बघून हसला, मग लांब मायकडं पाहिलं आणि ते चार हातांचं अंतर पाच हात केलं. मला इतकं आवडलं ते.

तटावर बसून त्यानं मला पहिल्या गॉथिक कादंबरीची हकीकत सांगितली. एका इंग्रज उमरावाला स्वप्नात एक जुना किल्ला दिसला, जिन्याच्या कठड्यावर लोखंडी चिलखतातला प्रचंड हात. त्यानं कादंबरी लिहिली, पण स्वतःच्या नावानं छापली नाही. म्हणाला, जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात ही इटलीतली पोथी सापडली, तिचं हे फक्त भाषांतर.

मी त्याच्याकडं न बघता विचारलं, “कावून असं?”

“भ्याला असंल. लोक हसतील म्हणून. अन् लोकांनी विश्वास ठेवला, कौतुकबी केलं. मग त्यानं दुसऱ्या आवृत्तीत कबूल केलं, मीच लिवलंय.”

“लोक रागावले?”

“काही रागावले. पण वेळेत सांगितलं की राग टिकत न्हाई. अन् त्या दुसऱ्या आवृत्तीवरच त्यानं पहिल्यांदा ‘गॉथिक’ हा शब्द छापला. सगळं तिथनंच पुढं चाललं.”

देवानं माणसाला आणखी किती सोपं करून द्यायचं? शब्दन्‌शब्द माझ्या पुढ्यात आणून ठेवला होता. मी तोंड उघडलंही. “सर, ते शेवटचं पान...” आणि खालून मायनं हाक मारली, “भामे! गाडी चुकंल!” गाडीला अजून पाऊण तास होता. हे मला ठाऊक होतं, तरी मी उठले.

भाद्रपदात तो टंकलिखित प्रबंध घेऊन आला. सुरुवातीच्या आभाराच्या पानावर इंग्रजीत माझं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते इंग्रजी टायपात पाहिलं.

“उद्या विद्यापीठात देतो,” तो म्हणाला. “एकदा नोकरीचं पत्र हातात आलं की... आप्पांला भेटाया यीन म्हणतो. चालंल का?”

“आप्पांला भेटायला कुणाची परवानगी लागती का?”

“आप्पांचं न्हाई विचारलं मी.”

मी जिन्याकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं, छताकडं बघितलं. शेवटी त्याच्याकडं बघून मान हलवली. त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला... तो मी धरला, त्यानंही धरला. कागदाच्या दोन टोकांना आम्ही दोघं. सोडावासा कुणालाच वाटेना.

तेव्हा सांगायला हवं होतं. अजूनही वेळ होता, एक प्रकरण पुन्हा टाईप करायचं, आठ-दहा दिवस उशीर झाला असता. पण त्या आनंदात मी कंजूस झाले. म्हटलं, कोण बघतंय? असल्या पुस्तकांना कोण जपून ठेवतंय?

“सर,” मी म्हणाले.

“काय?”

“टायपिंग लई सुरेख झालंय.”

तोंडी परीक्षा आश्विनात झाली. तो गुरुवारी न येता सोमवारी आला. बसला नाही. फाईल टेबलावर ठेवली आणि सरळ आवाजात सगळं सांगितलं. बाहेरच्या परीक्षकांना लहानपणापासून भयकथांचा नाद होता. त्यांनी पिशवीतून ‘भिंतीआडची बाई’ची अख्खी, मुखपृष्ठासकट प्रत काढली. तिच्या शेवटी भिंतीआड वाड्याचा दिवाणजी निघतो, तोंडाला फॉस्फरस फासून सोन्याची तस्करी करणारा. सगळे हसले. मग परीक्षकांनी विचारलं, तुमच्या ह्या भाकरी थापणाऱ्या बाईचा आधार काय? ही पानं कुठल्या प्रतीतली? का तुम्हीच रचलीत?

“मग तुमी काय सांगितलं?”

“उत्तर न्हाई, म्हटलं.”

“माझं नाव का न्हाई सांगितलं?”

“तुमी खोटं बोलाल असं मला वाटलं न्हाई,” तो म्हणाला. “म्हटलं, मावशीच्या गावची प्रत एखादी येगळी असंल. आधी तुमाला विचारावं, मग सांगावं.” त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “हाय का हो तशी प्रत?”

मी नाही म्हणून मान हलवली. मग सगळं सांगितलं. खळ, कोरे कागद, साखराबाई, पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी बघून बोललेलं खोटं, किल्ल्यावर गिळलेलं वाक्य. रडत सांगितलं, नाक पुसत सांगितलं. प्रबंध परत आला होता, तिसरं प्रकरण नव्यानं लिहून वर्षानंतर द्यायचा होता. संस्था थांबणार नव्हती, जागा आठ दिवसांत दुसऱ्या कुणाला गेली. हे सगळं माझ्या तीन पानांमुळं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं टेबलावरचं ते पुस्तक ओढून घेतलं, माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं.

“तुमी लिवलं हे?”

“व्हय.”

“मग आधीच सांगायचं व्हतं की...” त्याचा आवाज फुटला. “मी सगळं प्रकरण तुमच्यावर लिवलं असतं. युसूफ वडगावच्या ग्रंथपाल बाई टोळ्यांसाठी शेवट लिवतात — ह्याच्याएवढं खरं दुसरं काय व्हतं त्या प्रबंधात? सहा महिने मी तुमच्यासमोर बसून तुमचंच कौतुक करत व्हतो... अन् तुमी ते मला कळू दिलं न्हाई.”

तो गेल्यावर मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती, की खरं सांगितलं तर त्याचं काही हिरावलं जाणार नाही. त्याला शेवट मिळाला होता, आणि वर मीही मिळाले असते.

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांच्या टोळीचा ट्रक सोसायटीसमोर थांबला. टोळी पुस्तक न्यायला नेहमीच थांबायची. जिन्यावर पावलं वाजली आणि केशरबाई एकेक पायरी धरत वर आल्या. मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तरी ओळखलं. नाक तेच.

“भुताचं दे बाई एखादं,” त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “औंदा वाचाया एम.ए. झालेला माणूस हाय आमच्यात.”

“सर पण चालले?”

“तर! ह्यांला दम लागतो, माझी कंबर आशी. पोरगं म्हणलं, मी येतो, तुमी दोघं मोळ्या बांधा नुस्त्या. औंदा न्हाई जमलं साहेब व्हायला, पुढल्या साली जमंल. नशीब असतंय एकेकाचं.”

त्यानं घरी माझं नाव घेतलं नव्हतं. मी पुस्तक दिलं आणि वाकून त्यांच्या पाया पडले. त्या गोंधळल्या. “आगं, कावून? आमी काय जत्रंला चाललो का?” म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात कोयत्याच्या घट्ट्यांनी भरलेला होता. पुन्हा सहा महिने तो हात उसाच्या पाचटात जाणार होता, आणि तो माझ्यामुळं जाणार होता.

त्या उतरल्या आणि तो वर आला. अंगावर जुना शर्ट, खिशाला एकही पेन नाही. जिन्याच्या तोंडाशी थांबला, आत आला नाही.

“मी रागवलेलो न्हाई,” तो म्हणाला. “चार दिस व्हतो. आता न्हाई.”

मी टेबलावरची पुस्तकं उगीच सारखी केली.

“तिसरं प्रकरण तिकडं बसून लिवतो. खरं लिवतो औंदा, तुमच्या नावानिशी. वैशाखात परत येतो.” तो जरा घुटमळला. “थांबाल का... वैशाखापातूर?”

मला ओरडून सांगायचं होतं, वैशाख कसला, दहा वैशाख थांबते! पण खालून केशरबाईंचा कण्हण्याचा आवाज येत होता, कुणीतरी त्यांना ट्रकात चढवत होतं. मी त्या घरात सून म्हणून कुठल्या तोंडानं जाणार होते? रोज सकाळी त्या बाईची वाकलेली कंबर बघणार होते, आणि तिला कधीच सांगणार नव्हते? मला वाटलं, ह्याला माझ्यापासून सोडवणं हेच काय ते माझ्या हातात आहे. लातूरकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मी पाहिलंही नव्हतं, आप्पांनी अजून काही कळवलं नव्हतं.

“माझं जमलंय, सर,” मी म्हणाले. “लातूरकडं. तारीखबी धरलीय.”

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मी पुन्हा खोटं बोलू शकते, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही.

“बरं झालं,” तो म्हणाला. “बरं झालं. सुखात ऱ्हावा.”

तो जिना उतरला. बबनराव ओरडले, ट्रक सुरू झाला, धूळ खिडकीपर्यंत आली. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ट्रक वळणापर्यंत अगदी सावकाश जात होता.

संध्याकाळी आप्पा घरी आले तेव्हा मी चुलीपुढं होते. “आप्पा,” मी म्हणाले, “लातूरच्या लोकांला होकार कळवा.” ते चकित झाले, माय खूश झाली, कुणी काही विचारलं नाही. निदान त्याला सांगितलेलं एक तरी खरं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पुढच्या महिन्यात पुरी झाली.